सरकीच्या दोरीचं दुसरं टोक

कुठल्याही चौकात आले की काकाजी आधी थांबायचे. शर्टाच्या खिशातून चिमूटभर कापूस काढायचे, त्याचा एक तंतू वेगळा करून डोळ्यांसमोर धरायचे आणि सोडून द्यायचे. तंतू ज्या बाजूला तरंगत जाईल तिकडे मान वळवून म्हणायचे, "वारं आज खोटं बोलून राह्यलं." मग शेजारी बसलेल्या तपकिरी कुत्रीला विचारायचे, "तुले काय वाटते?"

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लोक त्याच्याकडे बघतात, हसतात आणि आपापल्या कामाला जातात. मीही सुरुवातीला हसलेच होते.

यवतमाळात आर्णी रोडला एका मेडिकल दुकानात मी वीसेक वर्षं काउंटरवर उभी आहे. काकाजींची माझी ओळख चिठ्ठीवरची. दर महिन्याला ते श्वासाच्या पंपाच्या कॅप्सूल न्यायला यायचे. सगळं आयुष्य त्यांनी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, काढलेलं. कापसाची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या की ते काउंटरला हात टेकून उभे राहायचे, बोट वर करून मला थांबवायचे आणि दम परतला की म्हणायचे, "अर्धी छाती जिनिंगमध्येच राह्यली, ताई. येतानी आणाची भुललो."

कुत्री पायरीखाली बसलेली असायची. जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगात जन्मली म्हणून तिचं नाव सरकी. तिच्या आईला आणि भावंडांना कोण कुठे घेऊन गेलं कुणास ठाऊक, ही एकटी ढिगात राहिली. जिनिंग बंद पडलं तेव्हा काकाजी तिला खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. बायको आधीच गेलेली, मुलगी नागपूरला नांदत होती. घरात बुद्धाची एक मूर्ती, एक खाट आणि ही.

एक दिवस कॅप्सूल पिशवीत टाकून ते घुटमळले. म्हणाले, "ताई, तुमचा एखांदा वापरलेला रुमाल देता काय?"

मी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी घाईने हात जोडले. "वाईट समजू नोका. तुमी हरवा, हे सरकी तुमाले शोधीन."

मी हरवायला कशी तयार झाले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. घरी सासूबाईंचं विसरणं वाढत चाललं होतं. सकाळचा तेवढाच एक तास मला माझा मिळत होता. तो तास मी हरवण्यात घालवायचं ठरवलं.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा. रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यांच्या हातात द्यायचा आणि चालू लागायचं. चार गल्ल्या, दोन वळणं, मग कुणाच्या फाटकामागे किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहायचं. वीस मिनिटांनी काकाजी सरकीला रुमाल हुंगायला द्यायचे. तिच्या अंगात खाटेच्या नवारीचा हातानं शिवलेला पट्टा आणि त्याला लांबलचक दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काकाजी.

पहिले काही महिने ती मला शोधायची नाही, नाश्ता शोधायची. एकदा अर्ध्या गल्लीसमोर ती ताठ शेपटीनं थेट मटणाच्या दुकानात घुसली. दुकानदार सुरी हातात घेऊन म्हणाला, "काकाजी, तुमची ताई माह्याकडं नाई आली." गल्ली हसली. काकाजीही हसले, मग खोकला आला, मग पायरीवर बसून पंप ओढला. उठल्यावर मला म्हणाले, "चुकी माही. दोरी म्याच ओढली. कुत्र्याले शिकवा लागत नाई, आपण आड नाई याचं."

हे शिकले कुठे, असं मी विचारायचे. ते मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघायचे, तेही आवाज बंद करून. "आवाज कायले पायजे? कुत्रं थोडंच इंग्रजी बोलून राह्यलं." आणि हे सगळं काहून शिकवता, या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "टाइमपास."

पण तो टाइमपास नव्हता, हे कुणालाही दिसलं असतं. मातीवर वास टिकतो, डांबरावर टिकत नाही, हे त्यांनी मला समजावलं. शहरात वास भिंतीच्या कडेला, नालीच्या काठाला, फरशीच्या भेगेतल्या गवतात जाऊन बसतो. ट्रक गेला की उडतो आणि दुसऱ्याच गल्लीत पडतो. ऊन चढलं की मरतो. "वास पाण्यासारखा रायते, ताई. खोलगट जागा धुंडते." चौकात सरकी गोंधळून गोल गोल फिरायला लागली की मी लपल्या जागेवरून बघायचे. काकाजी पुतळ्यासारखे उभे. कुणी काही विचारलं तर ओठांवर बोट. "गाठ सोडून राह्यली. बोलू नोका."

सहा-सात महिन्यांत ती मला हमखास शोधून काढू लागली. अडचण वेगळीच होती. कुत्री धावायची आणि काकाजींना धावता येत नव्हतं. पन्नास पावलांवर छाती भरून यायची. सरकी पुढे ओढायची, ते मागे खोकायचे. एकदा दोरी हातातून सुटली, ती मला येऊन भेटली आणि काकाजी दोन गल्ल्या मागे एका ओट्यावर निळे पडून बसलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुत्र्याचे केस तुमच्या छातीला चालणार नाहीत, घरातून काढा तिला.

त्यांनी काढलं. स्वतःची खाट त्यांनी ओसरीवर काढली आणि सरकीला अंगणात कौलांचं छप्पर करून दिलं. मधे एक भिंत. "डॉक्टर घरातून काढा म्हणले. घरात नाई आता कोणीच," असं मला सांगताना त्यांचा चेहरा शाळेत कॉपी पचवलेल्या पोरासारखा होता.

त्या थंडीत त्यांना पंधरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सरकीला भाकर टाकायला मी जायचे. ती खायची, पण माझ्या हातातल्या दोरीकडे बघायचीसुद्धा नाही. ते परत आले तेव्हा वजन इतकं उतरलेलं की शर्टाची कॉलर मानेपासून वेगळी उभी होती. पहिल्या मंगळवारी त्यांनी दोरी धरली, दहा पावलं चालले आणि थांबून खोकले. सरकी वळली. त्यांच्याकडे बघितलं आणि तिथेच रस्त्यावर बसली. नाक मात्र खाली, जिथं वास होता तिथंच टेकवून. खोकला थांबला, दोरी ताणली गेली, तशी उठली आणि पुढे चालू लागली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काकाजींनी मला बोलावून ते तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांचा खोकला खोटा होता, तरी ती बसली. "पाह्यलं काय? वासाले धरून बसते. माहा दम शिकली हे."

वाटलं आता जमलं. उन्हाळ्यात सरकीच्या नाकातून रक्त यायला लागलं.

गोचिडताप होता. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या माझ्याच दुकानातून गेल्या. ती खात नव्हती, उठत नव्हती. काकाजी ओलं फडकं घेऊन तिच्या नाकाशी बसून असायचे. महिनाभर ते दुकानात आले की दोन चिठ्ठ्या पुढे करायचे, एक त्यांची, एक तिची. "आता बराबरी झाली. दोघंई बिमार." बरी झाल्यावरही तिचं नाक लवकर परतलं नाही. मी पाच हातांवर उभी असायचे आणि ती मला ओलांडून जायची. मला रडू यायचं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा, जो सापडल्याचं बक्षीस म्हणून असायचा, तो काकाजी तिला मी न सापडताच द्यायचे. मी म्हटलं, "काकाजी, अशानं बिघडेल ती." ते म्हणाले, "ताई, मले पंप देतानी तुमी पयले पळून दाखवा म्हणता काय?"

दिवाळीनंतर कधीतरी एका सकाळी तिनं मला भाजीबाजाराच्या मागच्या बोळातून काढलं. त्या दिवशी काकाजींनी आख्खं अंडं दिलं.

आता ती मार्चमधली सकाळ सांगते.

साडेसातला मी सासूबाईंना चहा द्यायला गेले तर खाट रिकामी. पुढचं दार नुसतं लोटलेलं. चप्पल नाही, भिंतीवरची कापडी पिशवी नाही. माझ्या नवऱ्यानं गल्ली पालथी घातली, शेजारी जमा झाले. कुणीतरी म्हणालं, मागच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमधल्या विहिरीला कठडा नाही. हे वाक्य ऐकल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो आणि चार माणसं दोर घेऊन विहिरीकडे निघाली. मी आईंच्या, सासूबाईंच्या, उशीचा अभ्रा काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि काकाजींच्या घराकडे पळाले.

त्यांनी पिशवीतला अभ्रा बघितला. पंप ओढला, पट्टा चढवला. आमच्या दारात येऊन अभ्रा सरकीच्या नाकाशी धरला. "पाह्य बाई," एवढंच म्हणाले.

सरकीनं उंबरा हुंगला, ओटा हुंगला आणि विहिरीच्या बरोबर उलट्या दिशेला निघाली.

मी नवऱ्याला फोन केला. तो धावत आला, म्हणाला, "काकाजी, विहीर तिकडं हाय."

"विहीर तिकडं असन. आई इकडं गेली."

माझा नवरा त्यांना आजवर 'तो कुत्रेवाला' म्हणत आलेला. तरी बाकीच्यांना विहिरीवर सोडून तो आमच्याबरोबर आला, बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघून. आणि मग सुरू झालं ते चालणं. पन्नास पावलं, खोकला, सरकी खाली. परत पन्नास पावलं. माझा नवरा मुठी आवळून बघत होता. तिसऱ्या थांब्याला त्याला राहवलं नाही. "दोरी माझ्याकडं द्या, मी धावतो हिच्या मागं."

काकाजींनी दम गोळा केला. "दादा, तुमी धावान. मंग हेबी धावन. धावलं की वळण सुटते." त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "आई काई धावत नाई गेली. हळूच गेली असन."

दुधाच्या केंद्रावरून, शाळेच्या कुंपणाच्या कडेनं, नालीच्या काठानं. एका चौकात पाण्याचा टँकर सांडून गेलेला, सगळा रस्ता ओला. सरकी फिरत राहिली. मी घड्याळ बघत होते आणि ऊन चढताना दिसत होतं. काकाजींनी कापूस सोडला, तो हलला आणि खाली पडला. बऱ्याच वेळानं सरकी एका फुलवालीच्या टोपल्यापाशी जाऊन थांबली. फुलवाली म्हणाली, "आलती ना एक आजी. फुलं नाई घेतले, नुसते हुंगले, अन् गेली स्टँडाकडं."

माझ्या नवऱ्यानं काकाजींचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला.

बसस्टँडवर माणसंच माणसं. सरकी त्या पायांमधून, पिशव्यांमधून, शेंगांच्या टरफलांमधून वाट काढत एका फलाटाच्या कडेला गेली, दोनदा फिरली, आणि जिथं बसची पायरी येते त्या जागी खाली बसली. आमच्याकडे बघितलं. पुढे काही नव्हतं. रिकामा फलाट.

"संपला वास," नवरा म्हणाला.

"संपला नाई. बसमंदी बसला," काकाजी म्हणाले आणि स्वतः फलाटावर बसले. "ते कोणती गाडी लागते अथी, तेवढं इचारा."

कळंबची गाडी लागायची. आईंचं माहेर कळंबजवळचं. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीत तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी फारसं हटकलंही नसावं. कळंबला मेडिकल दुकान चालवणारे एक ओळखीचे आहेत. मी त्यांना फोन लावला. ते गाडी काढून स्टँडवर गेले, तिथं नव्हत्या. मग चिंतामणीच्या देवळाकडे गेले. वीस मिनिटांनी फोन आला. आई देवळाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. सोबत या म्हटलं तर म्हणाल्या, "थांबा बापा. माहे बाबा बैलबंडी जुपून राह्यले."

माझा नवरा फलाटावर, सगळ्यांसमोर, रडला. काकाजींनी खिशातून अंडं काढलं, सोललं. टरफलं त्यांच्याच मांडीवर पडत होती.

त्यानंतर आठवडाभर ते दवाखान्यात होते. मला अपराधी वाटायचं. ते म्हणायचे, "म्या शिकवलं ते कामी आलं की नाई, हे न पाहता गेलो असतो तं?"

गावभर नाव झालं. कुणाची शेळी, कुणाचा मोबाइल, लोक यायला लागले. शेळीसाठी ते गेले, मोबाइलसाठी हसले. एक गृहस्थ मात्र गाडी घेऊन आले. बांगड्या चोरीला गेल्या होत्या, आणि संशय घरकाम करणाऱ्या बाईवर होता. सरकीनं फक्त तिच्यासमोर बसून दाखवावं, एवढंच म्हणणं. मी तिथंच होते. काकाजींनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "सरकी हरवलेल्याले शोधते. चोर नाई दाखवत." ते गृहस्थ खूप बोलले. काकाजी तेच वाक्य दोनदा, त्याच आवाजात बोलले.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "काहून नाही म्हटलं?"

ते ओसरीवर दम घेत बसले. मग पहिल्यांदाच आपल्याबद्दल बोलले. तरुणपणी जिनिंगच्या गोदामात चोरी झाली होती. पहारा त्यांचा नव्हता, पण पहिलं नाव त्यांचं निघालं. का निघालं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ज्या वस्तीतून ते यायचे ती मला ठाऊक होती, म्हणून मी विचारलं नाही. पोलिसांचं कुत्रं आणलं. सगळ्यांना रांगेत उभं केलं. "ते आलं. माहे पाय हुंगले, हात हुंगले. मले त्याचा गरम श्वास अजून आठोते. अन् ते पुढं गेलं, ताई. मले सोडून पुढं गेलं. जनावरानं वास घेतला अन् मले सोडलं. माणसं सोडून नव्हती राह्यली."

"मग तेव्हापासून..."

"हाव. तवापासून वाटे, एक कुत्रं आपणबी शिकवावं." सरकीच्या कानामागे बोट फिरवत ते म्हणाले, "पण त्या दिवशी ते माह्यासमोर बसलं असतं तं? त्याले शिंक आली असती, पाय दुखला असता, अन् बसलं असतं तं? कुत्र्याले काय, ते उठून गेलं असतं. मी उठलो नसतो."

त्यांच्या मनात इतकी वर्षं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या, कुत्र्याचे उपकार आणि कुत्र्याचं भय. मी दोन वर्षं त्या दोरीसमोर पळत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

शेवटच्या काही महिन्यांत मला दुकानातून वेळ मिळेना. तेव्हा त्यांनीच सुचवलं, "आईलेच लपवू. हरवाची सवय हाय त्यायले." माझा नवरा आईंना घेऊन दोन गल्ल्या पुढे जाऊन बसायचा. सरकी दोरी ताणत यायची, मागून काकाजी, पाच पावलं आणि थांबा, पाच पावलं आणि थांबा. आईंना आधीचं काही आठवायचं नाही. प्रत्येक वेळी त्यांना ती कुत्री नवीनच सापडायची. "अवं माय, तू कुठून आली वं?" म्हणून त्या टाळ्या वाजवायच्या. काकाजी मागून पोचायचे, भिंतीला टेकायचे आणि हात जोडायचे. आई त्यांना दर वेळी विचारायच्या, "तुमची होय काय हे?" ते दर वेळी म्हणायचे, "माही नाई, आई. मी तिचा."

श्रावणात मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. जाताना दोरी माझ्या हातात दिली आणि सूचना द्यायला तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. हातानंच सांगितलं, सैल, सैल. पोळ्याच्या आधी मुलीचा फोन आला, काकाजी गेले.

सरकी आता आमच्या अंगणात असते. तिनं दार धरलं नाही की अन्न सोडलं नाही, लोकांना ऐकायला आवडतं तसं काही केलं नाही. मंगळवारी सहाला ती उठून उभी राहते, एवढंच. मग नवरा आईंना घेऊन पुढे जातो आणि मी दोरी धरते. मला खोकला नाही, तरी सरकी पाच-पन्नास पावलांवर बसते. मी तिला उठवत नाही. उभी राहते. किती वेळ थांबायचं ते तिला माहीत आहे.

परवा आम्ही पोचलो तेव्हा आई एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या होत्या. टाळ्या वाजवल्या, सरकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकून म्हणाल्या, "अन् ते? मांगून येते ते?"

इतक्या दिवसांत त्यांना माझं नाव आठवलेलं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"येऊन राह्यले, आई," मी म्हटलं. "हळू चालतात ते."

"हाव, मंग थांबू," आई म्हणाल्या, आणि थोडं सरकून त्यांनी ओट्यावर एका माणसापुरती जागा केली.